रेडिओ बिघडला होता

तीर्थरूप ताईस,

कोपरापासून नमस्कार. (टोमणा समजू नकोस. कोपराच्या पुढचा भाग सध्या पट्ट्यांत गुंडाळलेला आहे, त्यामुळे नमस्कार तिथपर्यंतच पोचतो.) भावजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून तुझ्याच नावाने कण्हतात का? भाचीचे पुढचे दात आले का? माझी प्रकृती उत्तम आहे, भूक लागते, झोप येते, डोकं मात्र सकाळपासून तापलेलं असतं आणि डॉक्टरांच्या मते त्याचा तापाशी काही संबंध नाही. पत्र मी सांगतोय आणि शेजारच्या खाटेवरचा जवान लिहितोय. त्याचा पाय प्लास्टरमध्ये, माझे हात पट्टीत; दोघं मिळून कसाबसा एक धड माणूस होतो.

तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील, की ‘हेलिकॉप्टरने जखमींना सुखरूप बाहेर काढले’. हेलिकॉप्टरने! म्हणजे ते सकाळी उठलं, दात घासले आणि निघालं. मला नावाची हाव नाही (तुला पटणार नाही, पण लिही रे), पण मग चौकशीसुद्धा हेलिकॉप्टरचीच करा ना! तिथे मात्र बरोबर माझं नाव सापडलं.

झालं ते असं. आमची एक तुकडी कोरड्या ओढ्यात अडकली होती. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून गोळीबार, रस्ता तुटलेला आणि जखमी तसेच वाळूत पडलेले. मी आणि मागे आमचा मेकॅनिक, असे दोघंच निघालो. (जोडीदार वैमानिकाला मुद्दाम तळावर ठेवलं, तेवढाच एक जखमी जास्त मावतो. तो अजून माझ्याशी बोलत नाही.) पहिल्या फेरीला टेकडीवाले बेसावध होते, निम्म्या लोकांना उचलून सुटलो. दुसऱ्या फेरीला ते आमची वाटच बघत होते. ओढा इतका अरुंद, की पंख्याचं टोक काठावरच्या झुडपांची हजामत करत होतं. कसाबसा टेकलो, तर तुकडीचा हवालदार, पोटरीत गोळी घुसलेली, मला हातवारे करून सांगतोय काय, तर आधी बाकीच्यांना घ्या! अरे, ही काय दवाखान्यातली रांग आहे, ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करायला? बाकीचे चढले, मेकॅनिकने त्याची कॉलर धरली, तर ती सोडवून हा लंगडत उलटा मागे गेला. कशाला, तर म्हणे एक राहिलाय. तेवढ्यात समोरची काच फुटली आणि अर्धी माझ्या हातांत घुसली. भीती वाटली का, असं तू विचारशील. वाटली. पण हेलिकॉप्टर सांभाळायचा दांडा सोडला असता तर सगळंच आडवं झालं असतं, म्हणून तो धरून बसलो, रक्ताने निसटत होता तरी. यात मी काय केलं? नुसता बसलो. जागच्या जागी बसायला तर तूच मला लहानपणी कपाटावर चढवून शिकवलं होतंस.

आता पुढचं ऐक. वर्कशॉपचा मुख्य मला भेटायला आला. वाटलं, फळं आणली असतील. पिशवीतून काढलं काय, तर पंख्याचं वाकडं टोक! “बघा, काय दशा केलीत,” म्हणाला आणि चक्क डोळे पुसले. माझ्या हातांकडे ढुंकूनही बघितलं नाही.

यावर कडी केली आमच्या मोठ्या साहेबांनी. खाटेशी उभे राहून विचारतात, “मी तीनदा परत फिरायचा हुकूम दिला. का ऐकला नाहीत?”

म्हटलं, “सर, रेडिओ बिघडला होता.”

“वर्कशॉप म्हणतंय, रेडिओ ठणठणीत आहे.”

“मग इथे येऊन सुधारला असेल, सर.”

यात उद्धटपणा कुठे आला, तूच सांग! तर आता चौकशी बसणार. विरुद्ध गेली तर माझं उडणं बंद. टेबलामागे बसवतील, शिक्के मारायला. आणि वर मला खोटारडा ठरवतील. ताई, तू मला जन्मापासून ओळखतेस. मी खोटं बोलतो का? (याचं उत्तर पोस्टकार्डावर पाठवू नकोस.)

असो. इथली व्यवस्था चोख आहे. घरदार सोडून इतक्या लांब धावत येण्याची अजिबात गरज नाही.

तुझा संतापलेला,
धाकटा

ता. क. आईला सांग, मी हल्ली ऑफिसातच बसतो. तसंही ते खरं होण्याच्या बेतात आहे.

आणखी एक ता. क. कधी येतेस? पुढच्या सोमवारी डॉक्टर उजव्या हाताची पट्टी सोडून बोटं हलतात का ते बघणार आहेत. तेव्हा खोलीत आपलं कुणीतरी असावं. भावजींना मी असं म्हणालो ते सांगू नकोस.

शेवटचा ता. क., पायलटसाहेबांना न विचारता. ताई, मी पत्र लिहिणारा. दुसऱ्या फेरीत मी आधी चढलो होतो. दुखण्याने मी ओरडत होतो, वर पंख्याचा कल्लोळ, म्हणून मेकॅनिकने स्वतःचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. मोठ्या साहेबांचा हुकूम मी तिन्ही वेळा ऐकला. शेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ आवाज. तुमचे भाऊ तिन्ही वेळा म्हणाले, “काही ऐकू येत नाही सर, खरखर फार आहे,” आणि तोंडानेच खरखर केली. हवालदार आमच्या स्वयंपाक्याला पाठीवर घेऊन येईपर्यंत ते खरखर करत राहिले. दोघं चढले, आम्ही वर उठलो, तेव्हा हेडफोनमध्ये परत त्यांचाच एक आवाज आला. तो खरखरीचा नव्हता, रडण्याचा होता. चौकशीत मला विचारलं तर मी शपथेवर सांगणार आहे, की रेडिओ बिघडला होता. हवालदारही तेच सांगणार आहे, आणि तो तर रेडिओच्या आसपाससुद्धा नव्हता. तुम्ही सोमवारच्या आत या.

साहेब विचारतायत, एवढा वेळ काय लिहितोयस? म्हटलं, पत्ता.