गणपतीपुरतं अध्यक्षपद

ग्लासगो

प्रिय वरदा,

ताईचे तुला इथून भरभरून आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत, हे तर जरा जास्तच.

इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आजारी पडले म्हणून यांनी गणपतीपुरतं ते पद घेतलं होतं, आठवतं ना? त्याला तीन वर्षं झाली. आता मोदकांत वेलची किती घालायची तेही हेच ठरवतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यांच्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही, म्हणून बायका फोन करून मला बोलतात. मी काय करू?

परवा आमची सान्वी शाळेत रोमन लोकांचा धडा शिकून आली. रोमवर संकट आलं तेव्हा सिनसिनाटस नावाच्या शेतकऱ्याला नांगरावरून बोलावून सगळी सत्ता दिली. शत्रूला हरवून तो पंधरवड्यात सत्ता सोडून शेतावर परत गेला. जेवताना तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी जाणार परत?"

मला वाटलं, ओरडतील. हे वरणभात कालवत राहिले. मग म्हणाले, "त्याला परत जायला शेत होतं, बाळा."

हे हॉस्पिटलच्या नोकरीतून रिटायर झाले त्यालाही तीनच वर्षं होतात, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तरी राग गेला नाही.

कौन्सिल भाजी लावायला जमिनीचा तुकडा देतं, त्यासाठी आजच यांचं नाव घातलं. नंबर लागायला आठ वर्षं आहेत म्हणे.

मिहीरराव मार्चमध्ये रिटायर होतायत ना? तुमची गॅलरी मोठी आहे. आतापासूनच कुंड्या आणून ठेव.

तुझी वैतागलेली,
सुप्रभाताई