लवंगा टोचलेली संत्री

१२ डिसेंबर १९७३, बुधवार

लेडीज क्लबच्या नाताळ समारंभात यंदा फुगे नाहीत — संत्री टांगणार! अध्यक्षा मिसेस नगरकर यांनी स्वतः फोनवर दुजोरा दिला. संत्र्याला सगळीकडून लवंगा टोचायच्या, दालचिनीच्या पुडीत घोळवायचे, वाळवायचे, रेशमी फीत बांधून टांगायचे. ‘पोमँडर’ म्हणतात. विलायती मासिकात आले आहे. “आपल्या सोलापूरला जरा टेस्ट यायला हवी हो,” म्हणाल्या. गेल्या सालच्या दुष्काळात याच जिल्ह्यात माणसे खडी फोडून सुकडीवर जगली. त्यांना म्हणे आता टेस्ट!

आमच्या पेपरात दोन ओळींची बातमी दिली. तीही जास्त झाली.

१४, शुक्रवार

पाच-पाच लवंगा टोचून बायांचे अंगठे दुखले. सगळी टोपली आमच्या घरी! माझी बहीण वच्छला क्लबच्या शिवणवर्गात शिकवते ना — मग हेही तिनेच करायचे. ती दाभणाने भोके पाडून एकेक लवंग बसवत होती.

“अण्णा, वास बघ की. आमच्या महादेवीला असलं लई आवडतं.”

महादेवी तिची मुलगी, सहा वर्षांची. नवऱ्याने, अक्कलकोटच्या गुरुलिंगने, दुसरी बायको केली, हिला हाकलले आणि पोर ठेवून घेतली. भेटूही देत नाही. वकील म्हणतात, खटला चालेल. चालेलच — पोर लग्नाची होईपर्यंत.

१५

वच्छलाने एक संत्रे मुलीसाठी पाठवले. मावसभाऊ ईरप्पा अक्कलकोट गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती.

१७, सोमवार

शेजारच्या सोजरबाई दारातून डोकावल्या. “लिंबाला सुया टोचत्यात ते ठाव हाय. ही बया संत्र्याला लवंगा टोचती!” नातवाला बखोटीला धरून घरात नेले. मिसेस नगरकर आणि सोजरबाई — अकलेत कोण कमी, सांगणे कठीण.

१९, बुधवार

ईरप्पा आला. संत्रे मुलीपर्यंत पोचलेच नाही! गुरुलिंगच्या आईने पुडी सोडली, टोचलेले फळ पाहिले आणि किंकाळी फोडली. करणी! म्हातारी अन्नाला शिवत नाही. गुरुलिंगने ते संत्रे काठीने ढकलत ओढ्यात नेऊन टाकले. याच वीराने पंचांसमोर मिशीला पीळ देत म्हटले होते, “बायकांना कोण भितंय?”

एवढा मूर्खपणा फुकट घालवायचा नाही. संपादक चनबसप्पांकडून अर्धा स्तंभ मागून घेतला. पोमँडर म्हणजे काय, करणी म्हणजे काय, सगळे सोलून लिहिले. शुक्रवारच्या अंकात. अंक पहिल्या गाडीने अक्कलकोटला जातो. वाचा म्हणावे!

२०, गुरुवार

दुपारी गुरुलिंग दारात. चपला हातात. उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही.

“वच्छे, आईनं हातरूण धरलंय. तुझं जे काय हाय ते काढून घे की.”

अरे गाढवा, ती शोभेची वस्तू आहे — सांगायला मी तोंड उघडले. वच्छलाने माझ्याकडे असे पाहिले की ते मिटले.

“पोरगी आणून सोड,” ती त्याला म्हणाली. मान खाली, हातात संत्रे.

“कायमची?”

एक लवंग आत गेली. गडी पायरी चुकून अंगणात पडता पडता वाचला. “आणतो, आणतो!” म्हणत गेला.

मग तिने विचारले, “अण्णा, तुजा तो लेख कधी येणार?”

“उद्या.”

तिने दाभण खाली ठेवले.

२१, शुक्रवार

काल संध्याकाळी छापखान्यात जाऊन लेख जुळणीतून काढला. सगळ्या नोकरीत पहिल्यांदा. चनबसप्पांना सांगितले, बातमीची खात्री व्हायची आहे. त्या जागी नगरकरबाईंचा समारंभ टाकला.

ईरप्पाच्या दुपारच्या गाडीने गुरुलिंग महादेवीला घेऊन येतो आहे. त्याला चहा विचारीन. घेणार नाही तो.