फेटा कापलेले फोटो

सोमवार, दिवेलागण

आज नांदूरघाटचे लोक भांडायला दारात आले. पुढे नवरीचा मामा, हातात काठी. लग्नाचे फोटो माझ्या दिरानं, सुदामनं काढलेले. सगळ्या फोटोंत मामाचा मानाचा फेटा वरून कापलेला. एकात तर डोकंच नाही.

"माझं मुंडकं कुठं ठिवलं बे?" म्हणत मामानं सुदामच्या तोंडावर काठी हाणली. रक्त आलं. खरं लिहायचं तर मी जागची उठलेसुद्धा नाही. का बरं?

मग मामानं कॅमेरा उचलून उंबऱ्यावर आपटला. यांचा कॅमेरा. हे गेल्यावर तेवढाच राहिला होता. मी काठी हिसकली, मामाच्या पाठीत घातली. सगळे पळाले.

याच कॅमेऱ्यानं यांनी किती लग्नं काढली. फेटा मावत नसला की हे जरा मागं सरकायचे. एवढंच तर होतं.

सुदाम रक्त थुंकत म्हणाला, "वैनी, कॅमेराच जुना हाय. मोठा असता तर फेटा मावला असता."

काठी माझ्याच हातात होती. त्यालाही एक बसली.

आता वाटतंय, मामाला उगाच मारलं.