एकशे चाळीस सेंटिमीटरवरचा हूक

४ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

ठराव : आजपासून गाडीची केबल जमिनीवर पडणार नाही. ठराव मीच मांडला, मीच मंजूर केला. या घरात ठराव करण्याची योग्यता दुसऱ्या कोणाची नाही.

बायकोनं, म्हणजे सिनियानं, इलेक्ट्रिक गाडी घेतली त्याला तीन आठवडे झाले. शाळेतून रिटायर झाल्यावर बायका बागकाम घेतात, ही गाडी घेऊन आली. मला विचारलं नाही. रात्री केबल लावते, सकाळी उपटते आणि टाकून देते, तिथेच, गॅरेजच्या फरशीवर. पाच मीटर केबल, मधे विटेएवढा डबा. शेवया सांडल्यासारखं दृश्य. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक असलेल्या माणसाच्या घरात हे चालणार नाही.

शेजारचा ओल्मान कुंपणावरून म्हणाला, दोन हूक आणि अर्धा तास. हा लोकांचे पंखे दुरुस्त करतो म्हणून स्वतःला इलेक्ट्रिशियन समजतो. अर्ध्या तासात त्याची दाढी होत नाही.

५ ऑक्टोबर

चार कागदांवर आराखडा. समोरून, बाजूनं, वरून. चौथ्या कागदावर शीर्षक.

इंटरनेटवर एका पोरानं केबल कशी टांगावी याचा व्हिडिओ टाकलाय. टोपी उलटी. हातात पाणसळ नाही, ओळंबा नाही. डोळ्यांनी अंदाज घेतला आणि ठोकला स्क्रू. बारा लाख लोकांनी पाहिलंय. देशोदेशी मूर्खांची कमतरता नाही.

६ ऑक्टोबर

मापं घेण्यासाठी केबल खडूच्या रेघेवर सरळ ताणून ठेवली आहे. तिला हात लावू नये अशी चिठ्ठी लावली. सिनियानं चिठ्ठी वाचली, हसली.

मग नाश्त्याला विषय काढला. तिची बहीण सुलाय समुद्रावर, सामाराला, छोटी खाणावळ काढून बसली आहे. सिनियाला तिथे जायचंय, मदतीला. बारा तारखेला निघायचं, महिना-दोन महिने राहायचं. मला म्हणाली, तूही चल, समुद्राजवळ तुला झोप चांगली लागते. मी म्हटलं, भिंत झाली की बघू.

खरं तर दोनशे किलोमीटर ही बाई जाणारच नाही. गाडी वाटेतल्या मोठ्या पुलावरच मान टाकेल. आणि सुलायकडे काय आहे? ती बाई मासे तळते आणि बोलते. फक्त मीठ चाखायला थांबते.

७ ऑक्टोबर

अनानियासच्या हार्डवेअर दुकानात गेलो. हूक, स्क्रू, प्लास्टिकच्या गिट्ट्या. खिळे तोलायचा काटा आठ ग्रॅम जास्त दाखवतो हे नजरेनंच कळलं. सांगितलं. अनानियास म्हणाला, इन्स्पेक्टरसाहेब, तुम्हाला रिटायर होऊन चार वर्षं झाली. गिऱ्हाइकं हसली. गिऱ्हाइकांची पातळी ती, दुकानाची पातळी ती.

९ ऑक्टोबर, ११.००

ड्रिलिंग सुरू. पहिलं भोक : ब्लॉक आतून पोकळ, ड्रिलचं नाक आत गेलं आणि पाठोपाठ मीही भिंतीवर आदळलो. दुसरं : आत सळई. तिसरं : सळई. ही भिंत ज्यानं बांधली तो गाढव होता असं मी मोठ्यानं म्हणालो. सिनिया कपडे वाळत घालत होती. तिनं आठवण करून दिली की भिंत बांधताना गवंड्यांच्या डोक्यावर रोज मीच उभा होतो.

गवंडी ऐकत नसत.

११ ऑक्टोबर, दुपारी

झालं! मागच्या भिंतीवर, बरोबर सॉकेटच्या वर. केबलची वेटोळी एकसारखी. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सुलायनं उत्तरात माशाचा फोटो पाठवला. संस्कृती.

११ ऑक्टोबर, संध्याकाळी

एक बारीकशी बाब. केबल गाडीपर्यंत पोचत नाही. चार्जिंगचं भोक गाडीच्या नाकावर आहे आणि सिनिया गाडी नाक बाहेर करून लावते. जमिनीवर लोळत होती तोवर केबल पुरत होती. भिंतीवर चढवली की एक वीत कमी.

हा केबल बनवणाऱ्यांचा दोष. सिनियाला सुचवलं की गाडी उलटी लाव, नाक आत. म्हणाली, नाक बाहेर असलं की सरळ निघता येतं. एवढी कसली घाई निघायची, असं मी विचारलं.

गाडीत चाळीस टक्के चार्ज. उद्याचं जाणं अर्थातच रद्द. एकोणीस तारखेवर गेलं. बरंच झालं, पाऊसही आहे.

१४ ऑक्टोबर

जागा बदलली. डावी भिंत, गाडीच्या मध्यावर. अंतर तीनदा मोजलं. आराखड्यात चूक शून्य.

१०.४० ला भिंतीतून पाणी.

धुण्याच्या हौदाचा पाइप तिथून का जावा, हे देवाला ठाऊक. मी बोटानं भोक दाबून धरलं आणि परिस्थितीवर संपूर्ण नियंत्रण ठेवलं. सिनियानं ओल्मानला हाक मारली. तो चपला घालूनच आला आणि थेट मागे जाऊन कॉक बंद केला. माझ्या घराचा कॉक कुठे आहे हे याला कसं माहीत? विचारलं. म्हणाला, गेल्या वेळेलाही मीच बंद केला होता, साहेब.

पाइप जोडून दिला. मग दोन कप कॉफी प्यायला, केळीच्या पानात उकडलेले दोन तामाल खाल्ले, आणि सिनियाच्या फोनवर सामाराच्या रस्त्यात कुठे कुठे चार्जिंग मिळतं ते दाखवत बसला. विचारलं होतं कोणी?

१६ ऑक्टोबर

मान धरली आहे. बसून करण्यासारखं काम घेतलं : लेबलं. केबलला ‘क्र. १, मुख्य’ असं लेबल चिकटवलं. सिनिया म्हणाली, एकच तर आहे. भविष्याचा विचार करणं सगळ्यांना जमत नाही.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.३०

नवा विचार, आणि माझ्या आजवरच्या विचारांमधला सर्वोत्तम : उघड्यावर टांगायचंच कशाला? कपाट. प्लायवुडचं, दार असलेलं, आत केबल. सकाळपासून खपून बनवलं. केबल आत नीट बसते का पाहिलं आणि ती आत असतानाच पुढची पट्टी गोंदानं चिकटवली. आता चोवीस तास उघडायचं नाही.

चार वाजता सिनिया गाडी चार्ज करायला आली. उद्या निघायचं आहे म्हणाली. केबल कुठे आहे? मी कपाट दाखवलं. गोंदाचं सांगितलं.

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, “एवेलियो, एक खरं सांग. तुला केबल खाली पडायला नको आहे, की मी जायला नको आहे?”

मी म्हटलं, गोंद तो गोंद.

ती उठून आत गेली. बायकांना गोंदाचं शास्त्र समजत नाही. दोन तासांत वाळतो असं ट्यूबवर छापलंय खरं, पण कंपन्या काय वाटेल ते छापतात.

१९ ऑक्टोबर

ती गेली नाही. अपेक्षेप्रमाणे. सकाळभर सुलायशी फोन. भिंतीआडून जेवढं कानावर पडलं त्यात माझं नाव तीनदा, ‘बिचारा’ एकदा. बिचारा कोण ते कळलं नाही. बहुधा ओल्मान.

२१ ऑक्टोबर

बाजारातून आलो तर कपाट फुटलेलं. सिनियानं पाव कापायच्या सुरीनं पट्टी उचकटून केबल काढली. मला बोलली नाही, ओरडली नाही. केबल पुसून, गुंडाळून फ्रिजवर ठेवली होती. रागावली असती तर बरं. रागावलेल्या माणसाला समजावता येतं.

कपाटात एक मूलभूत दोष होता. पुन्हा कपाट नाही.

दिवसभर ती गुणगुणत होती. जुन्या शाळेतल्या मुलांची गाणी.

२४ ऑक्टोबर, ११.२०

इतिहास!

डावी भिंत, पाइप सोडून वर. जमिनीपासून एकशे चाळीस सेंटिमीटर. रुंद गोलाकार पाठीचा हूक, म्हणजे केबलला कुठे मोड पडणार नाही. चार स्क्रू, चारही घट्ट. पाणसळीतला बुडबुडा मधोमध, जणू तिथेच जन्मला. केबल गाडीपर्यंत पोचते आणि वर हातभर उरते.

ओल्मानला मुद्दाम बोलावलं. हुकाला लोंबकळल्यासारखं करून पाहिलं त्यानं. म्हणाला, साहेब, यावर डुक्कर टांगा. त्याच्या वकुबाप्रमाणे ही मोठीच पावती. स्वीकारली.

सिनियानं गाडी पूर्ण चार्ज केली. मग केबल स्वतः गुंडाळली आणि हुकावर लावली. सावकाश, एकावर एक, एकसारखी वेटोळी. मला वाटलं, आली ही वळणावर. माणसाला शिस्त समोर दिसली की पटतेच.

ती भिंतीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, “छान झालंय रे. मनापासून सांगते. आता उद्या निघू या. तुझी बॅग मी भरते.”

मी म्हटलं, उद्या कसं? भोकं बुजवायची आहेत. मागच्या भिंतीवर आठ, डावीवर अकरा. एकोणीस प्रायोगिक भोकं. पुट्टी, घासकाम, दोन हात रंग. चार दिवस तरी. तोवर थांब.

“भिंत कुठे पळून चाललेली नाही, एवेलियो.”

पुट्टी कालवून ठेवली आहे, असं मी सांगितलं. एकदा कालवली की थांबता येत नाही.

बरं, म्हणाली. नुसतं बरं.

२५ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

५.५० ला ती गेली.

मी पुट्टीची पट्टी हातात घेऊन गॅरेजमध्येच होतो. तिनं दोन बॅगा ठेवल्या, एक उशी ठेवली. मग हुकावरची केबल काढली आणि डिकीत टाकली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, सुलायकडे सॉकेट आहे, केबल कुठे आहे? गाडी जाईल तिथे केबल जाणार.

अर्थातच. हे उघड आहे. मी ते गृहीतच धरलं होतं.

टायरमध्ये हवा कमी वाटते, असं मी सांगितलं. काल भरून आणली, म्हणाली. वायपरबद्दलही सांगितलं. मग तिनं माझ्या गालाला लागलेली पुट्टी अंगठ्यानं पुसली. घेवडा फ्रिजमध्ये आहे, सोमवारपर्यंत पुरेल, म्हणाली. यावंसं वाटलं तर सान होसेहून येणारी सामाराची बस साडेबाराला हायवेवर थांबते. फाटक ओल्मान उघडत होता. त्याला कोणी सांगितलं होतं फाटक उघडायला?

नाक बाहेर होतं. सरळ निघाली. एकदाही मागेपुढे करावं लागलं नाही.

२५ ऑक्टोबर, दुपारी

तिचा फोन आला. पोचली. पुलावर वारा होता, गाडीला काही झालं नाही. वाटेत एकदा थांबून चार्ज केली, कॉफी प्यायली, एका बाईशी ओळखही झाली. मी म्हटलं, नशीब म्हणायचं. मागे सुलायचा आवाज आणि तेल तडतडल्याचा.

२६ ऑक्टोबर

पुट्टीचा पहिला हात. हूक तपासला. लेव्हलमध्ये आहे.

२७ ऑक्टोबर

हूक तपासला. लेव्हलमध्ये आहे. नुसता रिकामा बरा दिसत नाही म्हणून माझा रेनकोट टांगला. हुकाची पाठ रुंद असल्यामुळे रेनकोटाला खांदे आल्यासारखे दिसतात. दारातून आत येताना दोनदा दचकलो. काढून ठेवला.

ओल्मान विचारत होता, इन्स्पेक्टरसाहेब, जेवलात का? माणसाला दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करण्याखेरीज धंदा नाही. त्यानं ताट आणून दिलं. परत पाठवणं असभ्य दिसलं असतं.

२८ ऑक्टोबर, ९.१०

रंगाचा पहिला हात. भोकं दिसत नाहीत. उजेड आडवा पडला तर दिसतात. सगळी, मोजून.

सिनियाला फोन केला. निव्वळ तांत्रिक चौकशीसाठी. तिथे केबल कशी ठेवली आहे? जमिनीवर असेल तर वाळू जाईल, हे मला सांगायचं होतं. म्हणाली, नाही नाही, दारातल्या बदामाच्या झाडाला सुलायनं एक खिळा ठोकलाय, त्यावर असते. मिनिटभर लागलं.

खिळा! झाडाला! मी विचारलं, किती उंचीवर?

“माहीत नाही,” सिनिया म्हणाली. “येऊन मोज ना.”

मी म्हटलं, बघतो.

२८ ऑक्टोबर, ११.३०

टेप सापडला. पाणसळ, ओळंबा, दोन शर्ट, पोहायची चड्डी (बसते). बॅग बंद झाली. बस साडेबाराला, इथून हायवे चालत पंचवीस मिनिटं. भरपूर वेळ आहे. तेवढ्यात डाव्या भिंतीवर, खाली, एका ठिकाणी रंगाचा ओघळ दिसतोय. एवढा घासून घेतो. पाच मिनिटांचं काम.

२८ ऑक्टोबर, १२.५०

ओघळ गेला. कोणाला शोधून सापडणार नाही.