तुमच्या केळींवर सोडलेल्या वाऱ्याबद्दल

माणिकपूर,
मार्च २००२

तीर्थरूप विलासदादा,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे हरेश्वरचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींच्या गुडघ्यांना उतार पडला असावा आणि तुमची तपकीर सुटली नसली तरी शिंका कमी झाल्या असाव्यात, असं गावदेवीपाशी रोज मागतो. (दोन वर्षं मी तुमच्याशी बोलत नाही, पण देवीशी बोलतो, आणि त्यात तुमचा विषय निघतोच.) आपलं होळी गाव इथून रिक्षाने वीस मिनिटांवर. तरी पत्र लिहितो आहे, कारण हे तुमच्या तोंडाकडे पाहून सांगता येणार नाही. गेल्या गुरुवारी तुमच्या केळी पडल्या, तो वारा मी सोडला होता.

पहिल्यापासून सांगतो. क्षितिजाच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी आम्ही कॉम्प्युटर घेतला. अभ्यास त्यात कुठे असतो ते मला अजून दिसलेलं नाही, पण एक खेळ दिसला. हिरवं बेट, त्यावर दोन गावं. एक आपलं, दुसरं शत्रूचं. आपल्या गावातली माणसं शेती करतात, देवळात जातात, आणि त्यांच्या प्रार्थनेने आपल्याकडे शक्ती साठते. ती शक्ती खर्चून आपण शत्रूच्या गावावर वारा, पूर, भूकंप यांपैकी परवडेल ते पाठवायचं. (भक्तीचा हा उपयोग मला पटला नाही. पण विचार केला, आपणही देवाकडे जातो ते बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या आधी आपलं व्हावं म्हणूनच.) क्षितिजा म्हणाली, "बाबा, नुसते बघत काय बसता, एक डाव खेळा."

खेळाच्या आरंभी दोन रिकाम्या चौकटी आल्या. आपल्या गुरुजींनी पाटीवर शिकवलेलं तुम्हाला आठवत असेल, कुठलाही कागद आला की वर नाव, खाली गाव. त्याप्रमाणे मी वरच्या चौकटीत हरेश्वर लिहिलं आणि खालच्या चौकटीत होळी. मागून कळलं की वरची चौकट आपल्या गावाच्या नावासाठी होती आणि खालची शत्रूच्या.

"बाबा, तुम्ही आपल्याच गावाला शत्रू केलंत," क्षितिजा म्हणाली. नाव बदलायचं तर डाव मोडावा लागणार होता, आणि तोवर माझ्या गावात विहीर खणून झाली होती, भात लावून झाला होता. उभं पीक टाकून उठणं तुमच्या-माझ्या रक्तात नाही. मी खेळत राहिलो. मात्र मनाशी ठरवलं की पाठवायचं ते सौम्य. म्हणून वारा निवडला, तोही बायकांचा पदर उडेल इतकाच. पाठवण्याआधी हात जोडले आणि होळीच्या लोकांना मनातल्या मनात सांगितलं, गुरं आत बांधून घ्या. हे मनोरमेने पाहिलं. "पन्नाशी आली, आता ह्या वयात गाव बुडवायला शिका," एवढंच बोलून ती भाकऱ्या थापायला गेली.

हे गुरुवारी. शुक्रवारी सकाळी इथल्या बाजारात आपल्या होळीची बायजा भाजीची टोपली घेऊन बसली होती. म्हणाली, "काल सांजचा वारा काय सुटला हो भाऊ. तुमच्या दादाची अर्धी वाडी झोपली. घड लागलेल्या केली गेल्या. बाजूला तुमचं अंगन, तिथं पान हललं नाय." माझ्या हातातली मेथी तिथेच राहिली. दादा, मला कळतं की तारेतून वारा जात नाही. पण होळीतल्या माझ्या बंद घराचं अंगण सोडून शेजारची तुमचीच वाडी, हे मी देवासमोर बसून कसं विसरू?

दोन दिवस पूजेत लक्ष लागेना. शेवटी शेजारच्या इग्नेशियसला सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "आमच्यात असं काही झालं की फादरकडे जाऊन बोलून टाकतात. तुझा फादर होळीला केळी उचलत बसलाय, त्यालाच सांग." म्हणून हे पत्र. अपराध पोटात घालावा. येत्या रविवारी उरलेल्या केळींना टेकू लावायला येतो. बांबू माझे.

आपला आज्ञाधारक,
हरेश्वर

ता. क. खोटं बोलून माफी मागू नये. चौकटींची चूक पहिल्या डावापुरती खरी. त्यानंतर त्याच दिवशी आणखी तीन डाव खेळलो, आणि तिन्ही वेळा खालच्या चौकटीत होळी मी समजून-उमजून लिहिलं. तुमच्या केळी पडल्या तो वारा त्यांतल्या तिसऱ्या डावातला.

ता. क. २. कारण तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांमागे चैत्रात देवीची पालखी आमच्या अंगणापाशी आली आणि तुम्ही खांदेकऱ्यांना पुढे चला म्हणालात. "बंद दाराला कसली ओवाळणी?" दादा, दार बंद होतं कारण आमची रिक्षा वाटेत बिघडली होती. मनोरमा ताट घेऊन तामतलावापासून चालत आली, तेव्हा पालखी तुमच्या दारात होती. गेल्या वर्षी लाजेने आलोच नाही. या चैत्रात पालखी आमच्या अंगणात घटकाभर टेकावी, एवढंच मागणं आहे. आम्ही आदल्या दिवशीच येऊन राहू.

ता. क. ३. वरचं वाचून मनोरमा म्हणते की पालखीसाठी विनवणी करावी, धाक घालू नये. तेव्हा कृपा करून याला धाक समजू नका. फक्त माहितीसाठी कळवतो की काल रात्री माझ्या गावाने इतकी प्रार्थना केली की आता मला पूरही परवडतो.