छपरावरचा मुक्काम

ग्लासगो, १२ फेब्रुवारी १९८९

आमच्या मीराला शाळेत भूगोलाचा प्रोजेक्ट आहे, फ्रान्समधल्या डोंगरावरच्या एका चिमुकल्या खेड्यावर. जेवताना वाचून दाखवत होती. गाई, राईची शेतं, सहा महिने बर्फ. पूर्वी तिथे हिवाळ्यात कुणी गेलं तर गोठलेली जमीन खणता येत नसे. मग प्रेत चादरीत गुंडाळून छपरावर ठेवायचे, बर्फ वितळेपर्यंत.

ते छप्पर डोळ्यांसमोरून हलेना.

"म्हणजे बाबाने आजोबाला वॉर्डरोबवर ठेवलंय, तसंच ना?" मीरा म्हणाली.

'आजोबांना' म्हण, एवढंच मी म्हटलं. यांनी भात कालवायला घेतला.

मामंजींच्या अस्थी नाशिकला न्यायच्यात. दर समरला ठरतं, दर समरला काहीतरी निघतं. नेणार आहोत का खरंच? त्या छपरावरचा बर्फ निदान दरवर्षी वितळायचा.