बाहेर बसलेली बहीण

दिनांक ११ फेब्रुवारी
दुपार, जेवणाची सुट्टी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू आजी व्हायला आलीस तरी मला बारकीच. राग असला तरी पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

इकडे ठीक. लाँड्रीत मी अजून डागांच्या टेबलावरच आहे. हॉटेलच्या चादरी येतात, त्यांवर शाई, चहा, रक्त, काय नसतं ते विचार. नव्या मुली मला 'डागमावशी' म्हणतात. तोंडावर नाही, पण कान शाबूत आहेत माझे. शेजारीण घर सोडून गेली. संध्याकाळी बोलायला कुणी नाही, म्हणून रेडिओ लावून ठेवते.

लिहायचं कारण वेगळंच आहे. दोनदा कागद फाडला.

वर्षभर मला खाली खाज येतेय. खाली म्हणजे कुठे ते समजून घे, आपल्या घरात त्या जागेला कधी नावच नव्हतं. आधी वाटलं, घाम असेल. मग मी टेबलावरचं शहाणपण चालवलं. डाग गेला नाही की पुन्हा धुवायचं. रोज दोनदा कढत पाणी, साबण आणि वर जंतुनाशकाचे थेंब. आग झाली की मला वाटायचं, निघतंय. शेवटी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारासमोर जीभ रेटेना, म्हणून पायाला खाज येते म्हणाले. त्याने बिचाऱ्याने पायाचंच मलम दिलं. तेही लावलं मी.

कातडी पांढरी पडली, चिरा पडल्या. लघवीला बसले की डोळ्यांत पाणी यायचं. आणि गेल्या आठवड्यात कपड्यावर रक्त दिसलं. पाळी जाऊन दहा वर्षं झालीत. तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तुझ्या थोरलीएवढी असेल. नीट तपासलं. म्हणाली, "मावशी, साबण बंद, नुसतं कोमट पाणी. खाज आठ-पंधरा दिवसांत गेली नाही की यायचं असतं. पांढरा चट्टा, चीर, फोड, गाठ, रक्त, यातलं काही दिसलं तर तेवढंही थांबायचं नाही. वर्ष का काढलंत?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

ती रागावली नाही, तेच मला जड गेलं. बहुतेक बायकांना योग्य मलमाने आराम पडतो म्हणाली. पण एके ठिकाणी खडबडीत उंचवटा लागला, तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत.

मग तिने विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? मी नाही म्हटलं.

होतं, बारके. आईला होतं. तुला मी पोटाचा आजार सांगितला होता. ती खुर्चीत एका कुशीवर कलून बसायची, तू म्हणायचीस कंबर धरली असेल. 'बारकीच्या सासरी कळेल' म्हणून तिने मला शपथ घातली होती. डॉक्टरकडे नेलं तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती. तू आलीस तोवर तिची वाचा गेली होती. ती गेली तेव्हा "ताई, तू माझी आई चोरलीस," एवढं बोलून तू निघून गेलीस. खरंच होतं ते. शपथेपेक्षा मलाच ती लाज जास्त होती. त्याला चार वर्षं झाली.

डॉक्टरीणबाईला आता आईचं सांगणार आहे. आधी तुला सांगायचं होतं. तुलाही असं काही होत असेल तर माझ्यासारखी घासत बसू नकोस, उद्या जा, आणि आईचं तिथे सांग.

आणखी एक खोटं राहिलंय. नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी दाराबाहेरच्या बाकाकडे बोट केलं, म्हटलं, "बहीण बसलीय." कुणी परकी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. नर्सने कागदावर 'सोबत बहीण' असं लिहून घेतलं आणि ४ मार्चला सकाळी नऊला दोघींना यायला सांगितलं. मी बाहेर आले तोवर ती बाई निघून गेली होती. त्या बाकावर मी बराच वेळ बसले.

मला भीती वाटतेय, बारके. कागदावर तुझं नातं लिहिलंय. तू आलीस तर एवढं एक तरी माझ्या हातून खरं होईल.

बाकाची एक बाजू सोडून बसणारी,
तुझी ताई